सांगायला मागे कोण राहिले?



वसंत व्याख्यानमाला म्हटली की विषय भारदस्त हवा, अशी आपल्याकडे समजूत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली. तेव्हापासून या व्यासपीठावर अर्थकारण, इतिहास, तत्त्वज्ञान असेच विषय मांडले गेले. आम्ही आज बोलणार आहोत एका खुनाच्या कादंबरीविषयी आणि तीवरून निघालेल्या बोलपटांविषयी. चालकांस आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण आम्हांस असे वाटते की न्याय म्हणजे काय, हा प्रश्न सामान्य माणूस सर्वांत अधिक वेळा कोठे सोडवीत असेल, तर तो खुनाच्या गोष्टीत. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड यांच्या मागे महाराष्ट्राच्या दोन पिढ्या दिव्याखाली जागल्या, त्या नुसत्या करमणुकीसाठी जागल्या असे आम्ही मानीत नाही. शेवटी कोणाला काय मिळते, हे त्यांस पाहावयाचे होते. आज त्या ‘शेवटी’विषयीच बोलावयाचे आहे.

काल दुपारी येथे पोहोचल्यावर आम्ही प्रथम नाणेघाटाच्या लेण्यात जाऊन आलो. तुम्हांला ते अंगणासारखे आहे. आम्हां परगावच्यांना तेथे गेल्यावाचून घाटघरला आल्यासारखे वाटत नाही. भिंतीवरच्या राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांत दिलेल्या गाईंचे आणि कार्षापणांचे हिशोब आकड्यांत कोरले आहेत, आणि मागच्या भिंतीवर सातवाहन कुळातील माणसांच्या मूर्ती होत्या. एकूण आठ. त्यांतली एकही आज उरली नाही. कोठे पावलांची खूण आहे, कोठे तीही नाही. वर नावे मात्र शिल्लक आहेत: सिमुक, नागनिका, श्री सातकर्णी. माणसे गेली, मूर्तीही गेल्या. हे येथे होते एवढे सांगणारी अक्षरे राहिली. आम्ही जी गोष्ट सांगावयास आलो तीत असेच घडते. म्हणून रात्री यजमानांच्या ओसरीवर बसलो असता, अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला, आणि मंडळींनी ‘उद्याचे थोडे आजच सांगा’ म्हणून आग्रह केला, तेव्हा आम्ही ती सांगून टाकली. आज पुन्हा सांगतो. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा रसभंग होईल, त्यांची आधीच क्षमा मागतो. शेवटाविषयी बोलावयाचे आणि शेवट लपवावयाचा, हे जमणारे नाही.

कादंबरी ॲगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची. १९३९ साली निघाली. मूळचे नाव वर्णद्वेषी होते. पुढे ते टाकून, ‘आणि मग कोणीच उरले नाही’ या अर्थाचे नाव रूढ झाले. इंग्लंडच्या डेव्हन परगण्याच्या किनाऱ्याजवळ एक लहानसे बेट आहे. त्यावरच्या बंगल्यात दहा माणसे जमतात. कोणी पाहुणे, कोणी नोकर. बोलावणारा यजमान कोणीच पाहिलेला नाही, आणि त्याच्या नावाचा उच्चार इंग्रजीत ‘अज्ञात’ या शब्दासारखा होतो. पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर ग्रामोफोनची तबकडी वाजू लागते, आणि तीतला आवाज प्रत्येकाच्या नावानिशी एकेक मृत्यू त्याच्या पदरी घालतो.

हे आरोप नीट ऐका, कारण सारी कादंबरी त्यांत आहे. एका तरुणाने बेफाम मोटार हाकून दोन मुले चिरडली. एका जोडप्याने आपल्या आजारी मालकिणीला वेळेवर औषध दिले नाही. तिच्या मृत्युपत्रात त्यांना पैसे होते. एका सेनापतीने बायकोच्या प्रियकराला लढाईत ठाऊक असूनही मरणाच्या तोंडी धाडले. एका धर्मशील कुमारिकेने गरोदर राहिलेल्या मोलकरणीला घराबाहेर काढले. त्या पोरीने जीव दिला. एका डॉक्टरने दारूच्या नशेत शस्त्रक्रिया केली. एका पोलिसाने खोटी साक्ष देऊन निरपराध्यास तुरुंगात पाठविले. एका न्यायाधीशाने एका आरोपीला फाशी दिली. लोंबार्ड नावाच्या धाडशी गृहस्थाने आफ्रिकेच्या रानात आपल्याबरोबरच्या एकवीस माणसांना मागे टाकले आणि उरलेले अन्न घेऊन स्वतः निघून आला. आणि व्हेरा नावाच्या तरुण शिक्षिकेने सांभाळावयास दिलेल्या मुलाला समुद्रात दूरवर पोहत जाऊ दिले. तो बुडाला तर तिच्या प्रियकराला इस्टेट मिळणार होती.

यांतल्या बहुतेकांवर खटला उभा राहू शकला नसता. कोणी विष घातले नाही, कोणी सुरा चालविला नाही. एकीने दार लावले, एकाने पाठ फिरविली, एकीने ‘जा’ म्हटले. कायद्याच्या चाळणीतून गळून जाणारे हे गुन्हे आहेत. मग बालगीतातल्या क्रमाने एकेक जण मरू लागतो, आणि प्रत्येक मृत्यूबरोबर जेवणाच्या मेजावरच्या दहा चिनीमातीच्या बाहुल्यांपैकी एक नाहीशी होते. शेवटी व्हेरा आणि लोंबार्ड दोघेच उरतात. प्रत्येकाला वाटते, दुसराच खुनी. व्हेरा त्याला गोळी घालते, सुटलो म्हणून आपल्या खोलीत जाते. तेथे फास टांगलेला आहे, खाली खुर्ची आहे. बुडालेल्या मुलाची आठवण तिला त्या खुर्चीवर चढविते. बेटावर कोणीच जिवंत राहत नाही.

येथवर आम्ही सांगितले, आणि ओसरीच्या कडेला बसलेल्या यजमानांच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, “मास्तर, समदी मेली, मंग ही गोष्ट सांगाया मागं कोन ऱ्हायलं?”

गृहस्थहो, आम्ही चाळीस वर्षे शाळेत भाषा शिकविली. रहस्यकथांवर लिहिलेलेही पुष्कळ वाचले. या कादंबरीविषयी याहून नेमका प्रश्न आम्ही ऐकलेला नाही. खुद्द लेखिका याच प्रश्नापाशी अडली होती आणि तिने त्याची दोन उत्तरे दिली. एक कादंबरीत, दुसरे रंगभूमीवर.

कादंबरीतले उत्तर असे. स्कॉटलंड यार्डचे अधिकारी बेटावर दहा प्रेते पाहतात. व्हेराने पायाखालची लोटून दिलेली खुर्ची भिंतीशी नीट उभी करून ठेवलेली आहे. म्हणजे तिच्यानंतर कोणीतरी जिवंत होते; पण जिवंत तर कोणी नाही. त्यांची मती गुंग होते. पुढे मासेमारी करणाऱ्या एका जहाजाला समुद्रात बाटली सापडते, तीत एक कबुलीपत्र असते. ते दहांपैकीच एकाचे, न्यायाधीश वॉरग्रेव्हचे. तो मधेच मेल्याचे सोंग करून पडला होता. त्याला असाध्य रोग झाला होता. जन्मभर त्याच्या मनात न्यायाची चाड आणि जीव घेण्याची आवड एकत्र नांदत होती. ज्यांना कायदा शिवू शकत नाही असे अपराधी त्याने हुडकून जमविले, आणि ज्याचा दोष हलका त्याला आधी मारले. कारण मरणाची वाट पाहत बसणे हीच मोठी शिक्षा, हे त्याला ठाऊक होते. सर्वांत शेवटी त्याने स्वतःला गोळी घातली.

या शेवटाचे सामर्थ्य कशात आहे? खुनी कळतो, पण समाधान होत नाही. दहाही जण अपराधी होते हे खरे. त्यांना शिक्षा झाली हेही खरे. पण शिक्षा देणारा त्यांच्याहून मोठा खुनी निघाला, आणि तो कोणाच्याही हाती लागला नाही. पुस्तक मिटताना वाचकाच्या हाती कोणीही देत नाही की ज्याच्या पाठीशी तो उभा राहील. मग त्याला स्वतःकडे पाहावे लागते. तबकडीवर आपले नाव आले असते तर पुढे काय वाजले असते, असा विचार ज्याच्या मनात आला नाही त्याने ती कादंबरी नुसती चाळली असे आम्ही म्हणू.

आता दुसरे उत्तर. १९४३ साली लंडनमध्ये याच गोष्टीचे नाटक झाले, तेही बाईंनीच लिहिले. रंगभूमीवर बाटलीतले पत्र कोण वाचणार? सारी पात्रे मेल्यावर प्रेक्षकांना उलगडा कोणी करून द्यावयाचा? आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ही अडचण सांगितली आहे. दोन पात्रे निर्दोष ठरवून वाचविल्याशिवाय नाटक उभे राहत नव्हते. त्या बालगीताचा एक पाठ असाही आहे की शेवटचा मुलगा फास घेत नाही, लग्न करतो. बाईंनी तो पाठ धरला. व्हेरा आणि लोंबार्ड वाचले, त्यांचे जमले, पडदा पडला. १९४५ साली रेने क्लेअर या फ्रेंच दिग्दर्शकाने हॉलिवुडमध्ये जो बोलपट काढला, त्यातही हाच शेवट राहिला.

येथे एक गोष्ट घडली, आणि आमच्या आजच्या बोलण्याचा सारा भर तीवर आहे. शेवट बदलण्यासाठी भूतकाळ बदलावा लागला. व्हेराला वाचवावयाचे तर तिने मूल बुडू दिले हे कसे चालेल? लोंबार्डाशी तिचे लग्न लावावयाचे तर त्याने एकवीस माणसे मरू दिली हे कसे खपेल? म्हणून बोलपटातली व्हेरा बहिणीचा दोष आपल्या अंगावर घेणारी निघते. आणि लोंबार्ड? तो लोंबार्डच नव्हे, त्याचा मित्र आहे, खऱ्या लोंबार्डाने केव्हाच आत्महत्या केली आहे! ती एकवीस माणसे कोणाच्या खाती गेली? मेलेल्या माणसाच्या. पडद्यावर जे दोघे हातात हात घालून उभे आहेत त्यांचे हात स्वच्छ आहेत. गोड शेवटाची किंमत अशी मागल्या दाराने वसूल होते.

आता आपल्या घरी येऊ. १९६५ साली राजा नवाथे यांनी याच कल्पनेवर ‘गुमनाम’ हा हिंदी बोलपट काढला. नवाथे मराठी, ‘आह’चे दिग्दर्शक म्हणून ते आधीच माहीत होते. नायिका नंदा ही मास्टर विनायकांची कन्या, आणि जमलेल्या मंडळींत आपले धुमाळही होते. मनोजकुमार, प्राण, हेलन, मेहमूद, शंकर-जयकिशनचे संगीत, लताबाईंच्या आवाजातले ते अंगावर काटा आणणारे शीर्षकगीत: आमच्या पिढीतल्या कोणाला हे सांगावयास नको. नावही किती नेमके! त्या अज्ञात यजमानाचे भाषांतर एका शब्दात झाले.

पण त्यातल्या माणसांचे अपराध पाहा. गोष्टीच्या आरंभीच एका श्रीमंत शेठजीचा खून होतो. त्यामागे गुन्हेगारांची टोळी आहे. निर्जन जागी जी माणसे अडकतात त्यांतली मरणारी मंडळी त्या काळ्या धंद्याशी जोडलेली. मारणाराही त्यांच्यातलाच, जुना हिशोब चुकता करणारा. नायिका ही त्या शेठजीची पुतणी, म्हणजे पहिल्या रिळापासून निष्पाप. नायक तर पोलिस खात्याचा माणूस निघतो. शेवटी खुनी उघडा पडतो, नायक-नायिका सुखरूप राहतात, खानसामा मेहमूदही वाचतो. मोलकरणीला घराबाहेर काढणारी बाई येथे नाही, औषध न देणारे नोकर नाहीत. कादंबरीत न्यायाचा प्रश्न होता, येथे सूड राहिला. कादंबरीतले गुन्हेगार तुमच्याआमच्यासारखे होते. बोलपटातले गुन्हेगार ‘ते लोक’ झाले. थिएटरमधून बाहेर पडताना आपण मोकळे असतो. आपण काही चोरटा धंदा केलेला नाही.

आम्ही ‘गुमनाम’ तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा आवडीने पाहिला, हे कबूल केले पाहिजे. कादंबरी माणूस एकटा वाचतो, बोलपट हजार माणसे एका अंधारात बसून पाहतात. एकट्याने पेलावयाची गोष्ट समुदायाला तशीच देता येत नाही, यात तथ्य आहे. आपल्या नाट्यशास्त्राने सारे धागे जुळवून शेवट मंगल करावा असे सांगितले, कीर्तनकारही आख्यान मंगलावरच आणून सोडतो. ती परंपरा हिंदी पडद्यावर उतरली तर नवल नाही. पण ‘प्रेक्षकांना सोसत नाही’ हे कारण मात्र आम्हांस पटत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधूही जाते आणि सुधाकरही विष घेतो; महाराष्ट्राने ते नाटक शंभर वर्षे डोळे पुसत पाहिले. बोलपट या माध्यमालाच ते जमत नाही म्हणावे, तर १९८७ साली सोव्हिएत संघात गोवोरूखिन या दिग्दर्शकाने ख्रिस्तीबाईंचा कादंबरीतलाच शेवट ठेवून बोलपट काढला. कोणीही वाचत नाही, आणि पाहणारा जागचा हलत नाही.

कधी कधी तर शेवट प्रेक्षकांसाठी बदललेलाच नसतो. डॅफ्ने द्यू मोरिए यांची ‘रेबेका’ ही कादंबरी १९३८ची. तीत नवऱ्याने पहिल्या बायकोला गोळी घातलेली आहे, आणि तो सुटतो. १९४० साली हिचकॉकने बोलपट काढला तेव्हा हॉलिवुडच्या नियमावलीप्रमाणे खुनी नवरा शिक्षेवाचून सुटणे मना होते. मग काय केले? ती बाई पाय अडखळून पडली, डोक्याला मार लागला, मेली. खुनाचा अपघात झाला. नीतीच्या रक्षणासाठी नियम केला, आणि त्या नियमाने खुन्याला शिक्षा दिली नाही, त्याचा खूनच पुसून टाकला! हीच कथा १९६४ साली ‘कोहरा’ या नावाने हिंदीत आली. तीतली करड्या नजरेची कारभारीण आपल्या ललिता पवारांनी उभी केली आहे. त्यांच्यासाठी तरी तो बोलपट पाहावा.

असो. येथवर आम्ही लेखकांना आणि दिग्दर्शकांना बोल लावला. काल रात्रीपर्यंत हे व्याख्यान येथेच संपत होते. पुढचे आम्ही लिहून आणलेले नाही.

१९८३ साली, कॉलेजात असताना, आम्ही चौघे मित्र जीवधन चढावयास या गावी आलो होतो. वाट दाखवावयास बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा बरोबर घेतला. उतरताना कातळातल्या पायऱ्यांवर त्याचा पाय निसटला आणि घोटा दुखावला. आम्ही त्याला आळीपाळीने पाठुंगळीस घेऊन त्याच्या घरी आणले. ही हकीकत आम्ही पुण्यात किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. वर्गात सांगितली, मित्रांत सांगितली. गोष्ट संपते ती त्याच्या घराच्या उंबरठ्यावर: चार शहरी पोरे, पाठीवर जखमी मुलगा, खाली उतरणारे धुके. ऐकणारे म्हणत, ‘वा!’

काल ओसरीवरची मंडळी पांगल्यावर पंचावन्नच्या घरातले एक गृहस्थ मागे थांबले. ते एका पायाने किंचित लंगडत होते. त्यांची परवानगी घेऊन, नाव न घेता हे सांगतो. ते म्हणाले, “तुम्ही घरापतूर आनलंत, ते खरं हाय. पन गोष्ट तिथं सपली नव्हती.”

खरोखरच संपली नव्हती, आणि ते आम्हांस ठाऊकही होते. आम्ही त्यांच्या आईच्या हातावर वीस रुपये ठेवले आणि जुन्नरची शेवटची एस. टी. चुकेल म्हणून निघालो. एकानेही मागे राहावे असे चौघांपैकी कोणी म्हटले नाही. त्यांनी पुढचे सांगितले. घोटा नुसता मुरगळला नव्हता, हाड मोडले होते. जुन्नरला नेईपर्यंत तीन दिवस गेले. हाड वाकडे सांधले. त्या पावसाळ्यात आवणीला घरात एक माणूस कमी पडला, आणि शाळा सुटली ती सुटलीच. हे सारे त्यांनी शांतपणे सांगितले. आमच्यावर ठपका ठेवला नाही, ‘झालं गेलं’ असेही म्हणाले नाहीत.

चाळीस वर्षे आम्ही जी गोष्ट सांगत होतो तिचा शेवट आम्हीच बदललेला होता. खोटे एक अक्षर घातले नव्हते. फक्त उंबरठ्यावर पडदा पाडला होता, आणि तेवढ्याने आमचे हात स्वच्छ झाले होते. राजा नवाथे यांनी निदान तिकीट विकून, हा खेळ आहे असे सांगून शेवट बदलला. आम्ही ते वर्गात उभे राहून केले, आणि विषय होता मराठी.

तेव्हा आजीबाईंच्या प्रश्नाकडे परत येतो. सांगायला मागे कोण राहिले? रहस्यकथेत या प्रश्नाचे उत्तर लेखकाला शोधावे लागते. कधी बाटली, कधी लग्न, कधी पोलिस. आयुष्यात ते शोधावे लागत नाही. मागे नेहमी कोणीतरी राहिलेलेच असते. आपण निघून आलेलो असतो, म्हणून आपल्याला ते ठाऊक नसते, आणि आपण आपला शेवट निर्धास्तपणे सांगत सुटतो. ज्याने कादंबरीचा कडू शेवट वाचला आणि बोलपटाचा गोड शेवट पाहिला, त्याने दोन्ही घरी न्यावेत. एकाने करमणूक होते. दुसऱ्याने, आपली गोष्ट आपण कोठे थांबवितो, हे तपासण्याची सवय लागते. आम्हांस ती सवय लागावयास घाटघरला यावे लागले, तेही दुसऱ्यांदा.

त्या गृहस्थांना आम्ही काल विचारले की आम्ही आता काय करावे. ते म्हणाले, “उद्या सांगनार असाल तर पुरी सांगा.” ती पुरी सांगितली. एवढ्याने आमचे देणे फिटले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर तो पुन्हा बोलपटाचाच शेवट होईल.